शाळा आज बंद आहे का?

हॅलिफॅक्सला रात्री तीननंतर बर्फ धरला.
पावणेसहाला फोन थरथरला,
पडद्यावरचा आलेख भिंतीसारखा सरळ चढलेला,
आणि त्याखाली ओल्डरॉइडचा एकच शब्द:
ऊठ.

एकशे दोन शाळा, एक पान, एक प्रश्न.
अख्खं गाव अंथरुणातूनच विचारतंय,
अंगठ्यानं पान खाली ओढून, सोडून,
परत ओढून.

ते पान मीच लिहिलेलं, जून महिन्यात, खिडकी उघडी टाकून.
चाचणीला आम्ही तिघं होतो.
तिघांनाही व्यवस्थित वाढलं गेलं होतं.

फ्रेमवर्क म्हणजे भारी अगत्याचं घर.
आल्यागेल्याला नाव विचारणार,
मागच्या वेळची ओळख काढणार,
पाट मांडणार, भोवती रांगोळी घालणार,
मग मीठ वाढायला वाकणार
आणि आठवणार, मीठ कोठीत राहिलं.
जाणार. चिमूटभर आणणार. एका शाळेचं.
पुढच्या शाळेला पुन्हा कोठी.
एका पाहुण्यामागे एकशे दोन खेपा,
आणि दारात पाहुणे एकोणीस हजार.

कोठीकडे जायला वीस वाटा, विसाही तुंबलेल्या.
एकविसावा तीस सेकंद ताटकळून रिकामा परततो,
त्याला वाटतं, आपलंच नेट गेलं,
म्हणून तो पुन्हा येतो.
म्हणजे आता तो दोनदा उभा आहे.

"मशिनं वाढव," ओल्डरॉइड म्हणाला.
वाढवली. चाराची बारा केली.
बारा वाढपी त्याच एका कोठीच्या उंबऱ्यावर,
पायात पाय, हातात रिकामी वाटी.
सहा बावीसला कोठीनं डोळे मिटले.

ओल्डरॉइडच्या बाजूनं किटलीचा आवाज येत होता.
साठीचा माणूस, निवृत्तीला सात आठवडे.
म्हणाला, "आमच्या शाळेचा शिपाई फाटकाला पाटी लटकवायचा.
खडूनं लिहिलेलं, बंद.
नाव नाही विचारायचा कुणाचं.
आम्ही टेकडीवरूनच वाचायचो
आणि तिथूनच घसरगाड्या वळवायचो."

मी काही बोलले नाही.
पाट उचलले, रांगोळी पुसली, नावं-गावं, ओळखीपाळखी,
महिनाभर जीव लावून केलेलं "सुप्रभात, अमुक" सुद्धा.
उरली एक साधी फाइल.
एकशे दोन ओळी, दर पाच मिनिटांनी एकदाच लिहायची
आणि फाटकाला लटकवायची.
"मिनिटाला एकदा कर," तो म्हणाला.
मी पाचच ठेवली. मला त्या कोठीची भीती बसली होती.

आलेख उतरला. उतरला म्हणजे मटकन बसलाच.
चाळीस हजार माणसं वाचून गेली,
आणि कोठीत कुणी भांडंसुद्धा हलवलं नाही.
चहा घेतला तेव्हा लक्षात आलं,
मी अजून पायात काही घातलेलं नाही.

सात चारला ऋजुता जिना उतरून आली,
एकच मोजा घातलेली.
"आई, शाळा बंद आहे का?"
एवढ्या लोकांना उत्तर दिलेली मी,
तिला सांगायला पान उघडलं.
बंद.
तिनं दुसरा मोजा शोधलाच नाही. तशीच बुटात पाय घालून
मागच्या दारानं बर्फात.

सात पाचला पाटी पुन्हा लिहिली गेली.
त्यात एकच ओळ बदललेली:
मिसेस पिकल्सनी स्वतः फावडं घेऊन फाटक मोकळं केलं होतं,
सात वाजून एक मिनिटानं.
उघडी.

खिडकीतून दिसत होती ती,
पाठीवर पडलेली, हात पसरून,
तोंड उघडं.
ओल्डरॉइडनं विचारलं, "सगळं ठीक?"
म्हटलं, "पाच मिनिटं जुनं आहे, पण ठीक आहे."

शाळा पावणेनऊला भरते.
मी दुसरा मोजा शोधून हीटरवर ठेवला
आणि तिला हाक मारायला
आणखी थोडं जुनं होऊ दिलं.