तीन इस्पिकं

अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
कूलरचं पाणी संपलेलं, पंखा नुसताच खडखडतो.
डावीकडून एक बदाम.
समोरून ढोमणे, मधेच तोंड घालून: एक इस्पिक.
उजवीकडे पास.

माझ्याकडे तीन इस्पिकं, राणी धरून.
नऊ पॉइंट. पुन्हा मोजते. नऊच.
"काऊन घाबरून राहिल्या, बाई?
त्यांनी पाच सांगितली, तुमची तीन..."
वैरागडे सर पुढचं आठ बोलत नाहीत.

एकदा जेवताना, मोठ्यांच्या बोलण्यात
धाकटी जाऊ मधेच बोलली होती, एकटीच.
माझ्या हातात तेव्हाही तीन होती.
मी वरण वाढत राहिले.

"दोन इस्पिक."
ढोमणे वर बघत नाहीत,
फक्त पत्ते
जरा सैल धरतात.