सर्व्हर रूमची चावी

मिरकरवाड्याच्या या मासळी कंपनीत लागलो
तेव्हा माझ्या खुर्चीला नाव नव्हतं.
प्रिंटर अडकला की जिन्यातून हाक यायची:
ओ कॉम्प्युटरवाले!

पुढे दारावर पाटी लागली, मुख्य माहिती अधिकारी,
आणि कर्ल्याचे दोन म्हातारे
माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन आले.
त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मुख्य म्हणजे काय, तर एका खोलीची चावी.
आत अठरा अंशांवर गुरगुरणारी कपाटं,
खाऱ्या हवेनं हिरव्या पडणाऱ्या पिना.
वीज गेली की मी पळायचो, डिझेलचा कॅन घेऊन,
एकदा तर भाच्याच्या साखरपुड्यातून.

आता खोलीत थर्माकोलचे खोके आहेत.
रॅकवर कुणाचा तरी रेनकोट वाळतोय.
माहिती गेली कुठं, असं सुकटवाल्या विचारतात.
मी वर बोट दाखवतो.
तिथं तर घारी, म्हणतात, आणि हसतात.

बोर्डाच्या बैठकीत एकच प्रश्न असायचा,
का बंद पडलं?
हल्ली काही बंद पडत नाही.
हल्ली विचारतात, किती माणसं कमी होतील?
आणि सगळे माझ्याकडे बघतात,
जणू तोही आकडा मी वरूनच उतरवणार.

पट्ट्यावरून सुरमई सरकते.
कॅमेरा अर्धा क्षण बघतो. पहिला दर्जा,
खात्री सत्त्याण्णव टक्के.
शमशाद होडेकर कल्ला उचलते,
पोटावर अंगठा दाबते.
"ही कालची."
किती टक्के, ते तिला सांगता येत नाही.

मी वाकलो. नाक जवळ नेलं.
बावीस वर्षं माहिती सांभाळली,
तिला वास असतो हे आज कळलं.

कालचीच होती.

रात्री नवा तक्ता भरायला बसलो.
तिच्या नावापुढे पदनामाचा रकाना.
'निवड कामगार' खोडलं.
'यंत्र-प्रशिक्षक' लिहिलं, मलाच हसू आलं.
बोर्ड काय म्हणेल ते सोमवारी कळेल.

सकाळी तिलाच विचारलं.
"कायपण लिवा साहेब,
आधी काट्याजवळचा पंखा बघा."

स्टुलावर चढलो. पेचकस नव्हता.
खिशातल्या त्या चावीनं
स्क्रू फिरला.