आठ मिलिमीटर

श्वास घ्या. रोखा. सोडा.
मिरजेच्या तळघरात मशीन तीनदा सांगतं;
सुगलाबाई चौथ्यांदाही रोखून धरते,
कुणी न सांगता.

पडद्यावर फुप्फुस पापुद्र्यापापुद्र्यानं उलगडतं,
आणि उजवीकडे, वरच्या अंगाला,
एक ठिपका.

"हा बोटाला लागायचा नाही," डॉक्टर म्हणतात,
"आधी संगणकावर वाट आखू,
सुईनं निळी खूण सोडू, मग कापू."

बोटाला लागायचा नाही?
ती आपली बोटं बघते.
तासगावात तेवीस वर्षं बेदाणा निवडला,
बोलता बोलता खडा हाताला यायचा.

"केवढाय?"
"आठ मिलिमीटर."
"तसं नको. बेदाण्यात सांगा."

मी माऊस सोडतो.
"बारका. चाळणीतून खाली पडेल असला."

"असले," ती म्हणते,
"आम्ही मोजतच नव्हतो."