चार्ज देताना

कपाट नंबर चार, प्रणोती.
किल्ली जराशी उचलून फिरव, नाहीतर अडते.
वरचा कप्पा, बाटल्या एकोणीस.
रजिस्टरात वीस आहेत.
विसावीचं शेवटी सांगतो.

ही ओबेलिया.
पहिल्या नजरेत म्हणते, मी शेवाळाची काडी, पुढे जा.
फसू नको. भिंग लाव.
एका देठावर शंभर तोंडं,
काही नुसती खातात, काही नुसती वितात,
पोट सगळ्यांचं एक.
आमच्या घरी उलटं होतं,
पोटं नऊ, कमावतं एक.

हे पाखराचं पीस नाही, प्लुमुलारिया.
ही निळी बटणं, पोर्पिटा. आता निळी नाहीत,
पण लेबलावर निळी आहेत,
पोरांना निळीच सांग.
या शंखातला खेकडा कधीच गेला.
भाडेकरू गेला, छपरावरची वस्ती राहिली.

नवतपा लागला की स्पिरिट उडतं.
बाहेर सेहेचाळीस, कूलरची खस कोरडी,
सिव्हिल लाइन्समध्ये कुत्रंही सावली सोडत नाही,
तेव्हा या खोलीत समुद्र बोट-बोट खाली जातो.
मापाच्या नळीनं भरायचा. घाई नको, बुडबुडा राहतो.
एकतीस उन्हाळे मी समुद्राची पातळी राखली.
बिलावर त्याला
'किरकोळ खर्च' म्हणतात.

आता हे बघ. मिलेपोरा. आगपोवळं.
देशकर मॅडम म्हणायच्या, "उरकुडाजी, हे पोवळं नव्हेच."
हाडं पोवळ्याची, कूळ ओबेलियाचं.
मंडपमच्या सहलीत मी बादली धरून गुडघाभर पाण्यात.
समोर हे, ताज्या झुणक्याच्या रंगाचं,
टोकं पांढरी.
मनगट टेकलं.

मी नागपूरचा माणूस, बाप्पा,
मे महिन्यात अनवाणी टिनावर चढलेला.
पण पाण्यात बुडून जळणारं काही
तोवर पाहिलं नव्हतं.
हजार भोकं, भोकाभोकात हात,
हाताला डोळा नाही, कोण आपला कोण परका नाही,
शिवलं की डंख.
"काहून बे," मी ओरडलो, "म्या काय केलं तुले?"
सारी सहल हसली.
हा डाग बघ. अजून थंडीत खाजतो.
बाटलीतलं मात्र थंड, पांढरं,
उपासाच्या भगरीसारखं.

विसावी बाटली कपाटात नाही,
खिडकीत आहे.
तिच्यात फुटाळ्याचं पाणी, शेवाळाची काडी.
सकाळचं तिरपं ऊन आलं की काचेवर बघ,
शिंप्यानं दातानं तोडून टाकलेला धागा,
टोकाला सहा-सात केस.
हायड्रा.

याच कुळातला. बहुतेक सगळे खाऱ्यात राहिले,
हा गोड्यात आला.
कधी आला, कोणत्या वाटेनं, मी विचारलं होतं.
मॅडम म्हणाल्या, फार आधी.
तेव्हा नागपूर नव्हतं,
झिरो माईलचा खांब नव्हता,
म्हणजे समुद्र किती दूर
हे मोजायला कुणी नव्हतं.

कापला तर दोन होतात.
कुशीतून पिल्लू फुटतं, दोन-चार दिवस आईला धरून राहतं,
मग कोलांट्या घेत काचेवरून निघतं.
म्हातारा होत नाही म्हणतात.
मला तरी तोच वाटतो, पहिल्या दिवशीचा.
मी त्याला कसा वाटतो, काय माहीत.

आठवड्याला पाणी बदल.
नळाचं नको, औषध असतं त्यात.
खायला पाणपिसवा लागतात.
फुटाळ्याला भुट्टेवाल्यांच्या मागे जा,
पायऱ्या तुटल्यात तिथे,
संध्याकाळी गाळणी फिरव. लोक बघतात. बघू दे.

नवे साहेब म्हणतील, एक नग कमी.
वाद घालू नको, खिडकीपर्यंत ने,
भिंग हातात दे, आणि गप्प राहा.
दिसायला वेळ लागतो.

बस.
एकोणीस मोज, वीस लिही.
सही इथे.