टाचेभर

बोरुजर्दच्या जोरखान्याचं दार
जेमतेम छातीला लागतं.
वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.
मुर्शद हुर्मुज म्हणतात, पहिली कुस्ती इथंच,
आपल्याच मानेशी.

आत आठ कोनांचा खड्डा, कमरेइतका खोल.
सतरा वर्षं मी तिथं मुदगल फिरवतोय
ढोलाच्या ठेक्यावर.
मुर्शद मोजतात, पण पन्नासच्या पुढं
आकडे सोडून देतात
आणि कुठलीशी जुनी ओळ धरतात.

संध्याकाळी मॅट.
निळं-तांबडं रबर, फिनेलचा वास,
भिंतीवर उलटे पळणारे आकडे,
आणि नादेर प्रशिक्षकाचा घसा : गुण घे, गुण!
मला तेही आवडतं, खोटं कशाला बोलू.
त्या तीन मिनिटांत
आईची हाकसुद्धा ऐकू येत नाही.

शुक्रवारी खुर्रमाबादच्या पोराशी पाच-पाच.
अकरा सेकंद उरलेले
आणि माझी टाच रेघेबाहेर.
एक गुण.
झालं.

खड्ड्यात ‘बाहेर’ नावाची जागाच नव्हती कधी.
मागं सरलो की पाठीला भिंत लागायची,
आणि भिंत परत आत ढकलायची.

शनिवारी पहाटे तोच पोरगा, फरामर्ज,
जोरखान्यात आला.
चौकटीवर डोकं आपटलं त्याचं, ठण्णकन.
सगळे हसले. मीही.
मुर्शदांनी घंटा वाजवली,
सतरा वर्षांत माझ्यासाठी न वाजलेली.

मी मुदगल खाली ठेवले, थोडा सरकलो.
तो कपाळ चोळत कडेला उभा,
खाली बघत, अगदी मनापासून विचारत होता :
“इथं रेघ कुठाय?”