अडथळा

कलिन्याच्या वर्गात देवस्थळी बाई
फळ्यावर बाण काढतात:
पाठवणारा, निरोप, घेणारा.
मध्ये एक नागमोडी रेघ, अडथळ्याची.
तेवढ्यात डोक्यावरून विमान जातं.
खडू हवेत धरून बाई थांबतात,
आम्हीही. वहीत तेवढी ओळ कोरी.

असाइनमेंट: एका दिवसाचे आपले निरोप मोजा.
मोजले. दोनशे चौदा.
त्यात सदतीस हसरे चेहरे.
पाठवताना मी एकदाही हसले नव्हते.

बाबांचा एकच, मस्कतहून, सव्वा मिनिटाची व्हॉइस नोट:
आधी खोकला, मग क्रेनची घरघर,
कुणीतरी मल्याळीत हाक मारतं,
"बरं. ठेवतो."

तक्त्यात हे कुठे भरू?
निरोप असा काही नाहीच.
अडथळा मात्र
मी तीनदा ऐकला,
फोन कानाला घट्ट लावून.