टाळू

जळगावच्या दुकानात लॅब्रॅडॉर होता,
कागदांसकट अठरा हजार,
आज्या-पणज्यांची नावं इंग्रजीत.
कूलरसमोर पोट टेकून पडलेला.
बाहेर सत्तेचाळीस.

मग साक्रीच्या पुढं, उखर्डूआप्पाच्या मेंढवाड्यावर.
काळ्या कुत्रीला पाच झालेली.
आप्पा एकेकाला मानगुटीला उचलतो,
अंगठ्यानं जबडा उघडतो:
"टायू काई शे का देख.
नखं मोज. ईस भरनात, त लांडगाले भ्यात नही."
गप्प राहिलं ते कळपाचं.

केकाटलं एकच,
गुलाबी टाळूचं, अठरा नखांचं,
शेपूट मध्येच मोडलेलं.
माझ्या चपलेवर मुतलं
आणि तिथंच झोपलं.

याचा बाप कोणता, मी विचारलं.
आप्पानं बिडी विझवली.
त्याच्या आधीची चार गेली होती,
म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं
आणि शेजारणीनं उचलून आणल्यावर
सूपभर दाणे देऊन विकत घेतलं परत.
"तोच मन्हा कागद," म्हणाला.

पैसे घेईना.
"सूपभर बाजरी लई ये. पडेल शे ना रिवाज."

परतताना मागच्या सीटवर
पोरगी त्याच्या तोंडात बोट घालून बघतेय.
टाळू, म्हणते,
केळफुलाच्या अगदी आतल्या पदरासारखी.